मिस्त्रीणबाईंचा माल

आमच्या भागात कुणाच्या घरी फरशीचं काम निघालं की लोक हमखास विचारायचे, "मिस्त्री येतील हो, पण मिस्त्रीणबाई बरोबर आहेत ना?" दुसरा एखादा कारागीर असता तर त्याला हे झोंबलं असतं. मिस्त्री मात्र मान डोलावून म्हणायचे, "बरोबर विचारता. मी नुसता दगड ठेवतो. धरून ठेवते ती."

त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. मिस्त्री फरशी बसवायचे आणि त्यांची बायको माल कालवायची. वाळू, सिमेंट आणि पाणी. कुणालाही जमेल असं वाटतं, पण तो पातळ झाला तर दगड खचतो आणि कोरडा राहिला तर दगड धरत नाही. माझ्या नणंदेच्या घरी मी या दोघांचं काम पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्री आत गुडघ्याखाली पोतं घेऊन बसलेले आणि बाई बाहेर अंगणात ढिगापाशी. मधे भिंत. दोघांत एक शब्द नाही. मिस्त्री थापीच्या मुठीनं दगडावर एक ठोका द्यायचे, की बाई घमेलं भरून हजर. भराभर दोन ठोके आले की त्या आधी ढिगावर पाणी शिंपडायच्या आणि मग आणायच्या. कधी ठोका जरा घासून यायचा, तेव्हा त्या नुसतं पाण्याचं भांडंच आत घेऊन जायच्या. नणंदेला राहवलं नाही. तिनं विचारलं, "तुमचं भांडण झालंय का? सकाळपासून बोलत नाही तुम्ही."

"बोलतोय की मघापासून," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "उलट आज जरा जास्तच बोलतायत."

माल झाला की नाही हे त्या बघून ठरवत नसत. एक मूठ उचलायच्या, आवळायच्या आणि त्या वेळी भलतीकडेच बघायच्या, समोरच्या भिंतीकडे नाहीतर तारेवरच्या कपड्यांकडे. आपण मीठ चाखताना जसे कुठेतरी तिसरीकडे बघत राहतो, तसं. मग मूठ सोडून दिली की माल झालेला असायचा.

आमच्या घराची पाळी आली ती सासूबाईंच्या काठीमुळे. बैठकीच्या खोलीतल्या जुन्या फरशीचे सांधे उघडे पडले होते. एक दिवस काठीचं टोक त्यात अडकलं आणि सासूबाई पडता पडता वाचल्या. "मला या घरातून घालवायचं तर सरळ सांगा, असे सापळे लावू नका," असं त्यांनी त्यांच्या मुलाला सुनावलं आणि त्याच आठवड्यात दगडी फरशी घालायचं ठरलं.

दुकानदारानं दोन नमुने दिले. एक हातानं फोडलेला, करडा, पाठीवर खडबडीत, कुठे जाड कुठे पातळ. मला तो बघताक्षणी आवडला. दुसरा यंत्रावर कापलेला, फिक्या रंगाचा, सगळीकडे सारख्या जाडीचा.

मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई माप घ्यायला आले, तेव्हा बाईंच्या हातांत पुरुषी पायमोजे होते. हो, पायात घालायचे मोजे, मनगटापर्यंत ओढलेले.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "अगं, हातांत मोजे आणि पाय उघडे? उलटं चालतेस की काय?"

"पायांना थंडी वाजत नाही हो आजी. हातच लाडावलेत," बाई हसून म्हणाल्या.

मिस्त्री हसले नाहीत. टेप घेऊन ते भिंतीकडे वळले. मी चहा दिला तेव्हा बाईंनी पेला बोटांनी धरला नाही, दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून उचलला. चहा उकळता होता. मला पेला फडक्यात धरून आणावा लागला होता. त्या मात्र निवांत पीत होत्या.

"कुठला दगड घ्यावा?" मी दोघांना विचारलं.

"हा जाडाभरडा घेतलात तर तो मालातच बसवावा लागेल," मिस्त्री म्हणाले. "खाली मालाचा जाड थर हवा, म्हणजे दगडाची कमी-जास्त जाडी त्यात मुरते. आणि हा सपाट घेतलात तर तो केमिकलनं बसतो. पिशवीतून पावडर येते, पाण्यात घुसळायची आणि पातळ थरात लावायची. मात्र या फिक्या दगडाला पांढरंच केमिकल घ्यायचं. राखाडी घेतलं तर खालचा रंग वर दिसतो. डाग पडल्यासारखा. मग जन्मभर पुसत बसा."

"टिकतं कुठलं?"

"दोन्ही टिकतात," मिस्त्री म्हणाले.

"दोन्ही टिकतात," मिस्त्रीणबाईही म्हणाल्या, पण त्यांचा मोजा घातलेला हात करड्या दगडाच्या पाठीवरून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एकटेच आले. दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वहिनी, एक मागणं आहे. तुम्ही सांगा, की तुम्हाला केमिकलच हवंय. सपाट दगड हवाय. तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

"का हो?"

"तिचे हात बघितलेत का?"

"मोजे बघितले."

"मोज्यांच्या आत बघण्यासारखं काही राहिलेलं नाही." त्यांनी स्वतःचे तळवे बघितले. "सिमेंट भिनलंय हातांत. डॉक्टर म्हणाले, आता चिमूटभर लागलं तरी कातडी उठणार. जाड होते, भेगा पडतात, त्यातून पाणी येतं. बटण लावता येत नाही तिला. वेणी माझ्याकडून घालून घेते, आणि मी घातलेली वेणी कशी असेल ते तुम्हीच समजा."

"रबरी मोजे?"

"आणून दिले. भिरकावले तिनं. म्हणते, त्यातून मालाचं काही कळत नाही. मी नको म्हटलं की ऐकत नाही. पण गिऱ्हाइकानंच केमिकल मागितलं, तर माझ्याशी भांडायची सोय नाही ना? बादली, पाणी, आणि घुसळायला मशीन. माझं मी करीन. एकदा तुमच्याकडे जमलं की पुढच्या कामांना पण तेच सांगता येईल." मग निघताना म्हणाले, "मी आलो होतो हे तिला बोलू नका."

दुपारी मागच्या दारातून मिस्त्रीणबाई आल्या. टेप विसरला का बघायला आले, म्हणाल्या. टेप मिस्त्रींच्या खिशात असतो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी स्टूल पुढे केलं.

"ताई, दगड ठरला?"

"अजून नाही."

"करडाच घ्या. तुम्हाला आवडलाय तो. माझं लक्ष होतं."

"पण तुमचे हात—"

"झालं! म्हणजे हे येऊन गेले." त्या हसल्या. खोटं बोलायला लागणारा चेहरा माझ्याकडे नाही. "आणि म्हणाले असतील, तिला सांगू नका. बरं, मी पण आले होते ते यांना सांगू नका."

"बाई, अहो, हात कायमचे जातील."

"मला काय हौस आहे का हात घालवायची?" त्यांनी मोज्यातले हात मांडीवर उलटे ठेवले. "पण असं बघा. हे सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. घरी आले की जेवतात, आडवे होतात, संपलं. स्वभावच तसा. आमचं मूलबाळ नाही, दोघांत तिसऱ्याचा विषय नाही. घरात आम्ही दोघं पाहुण्यांसारखे असतो, ताई. पण कामावर हे मला दिवसभर हाका मारतात. लग्न होऊन आले ती घमेलं घेऊनच उभी राहिले, तेव्हापासून. आता घरी बसून मी कुणाला ओ देऊ?"

मी चहाचं आधण ठेवायला वळले.

"आणि त्या केमिकलमध्येसुद्धा सिमेंटच असतं," त्या उठता उठता म्हणाल्या. "फक्त हाताला काम नसतं. म्हणून यांना ते हवंय. सिमेंटचं निमित्त आहे, हे मला बाजूला काढतायत."

"तुमच्या काळजीनंच ना?"

"काळजीनंच. म्हणून तर भांडता पण येत नाही."

संध्याकाळी मी घरात विषय काढला. माझे यजमान म्हणाले, "आपल्याला फरशी निवडायची आहे, त्यांचा संसार नाही."

"दोन्ही एकाच पिशवीत आलंय, त्याला मी काय करू?"

"दोघांनी मिळून तुला न्यायाधीश केलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बराच वेळ काठीची मूठ चोळली. "तिनं चहाचा पेला धरलेला पाहिलास ना? माझं आयुष्य चुलीपाशी गेलं, तरी मला नसता धरवला तो. त्या पोरीला चटका लागला नाही. मला ते बरं नाही वाटलं."

मलाही बरं वाटलं नव्हतं. मी सपाट दगड घेतला.

दोघांना समोरासमोर बोलावून सांगितलं, फिका दगड, पांढरं केमिकल. मिस्त्री खाली बघत "चालेल" म्हणाले. मिस्त्रीणबाईंनी नमुना उचलून त्याची कड पाहिली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "अगदी सरळ आहे. याच्यात काही मुरवावं लागणार नाही."

जुनी फरशी उचलून खालचा कोबा सपाट करायचं काम दुसऱ्या माणसांनी करून दिलं. मग मिस्त्री आले, आणि मागोमाग बाईही आल्या. काम नसताना का आलीस, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्या पायरीवर बसल्या. मिस्त्रींनी बादलीत पावडर ओतली, पाणी ओतलं आणि मशीन सुरू केलं. सगळ्या घरात घरघर भरली.

"मिस्त्री, स्वयंपाकघराशेजारी काम काढलं म्हणून मिक्सर लावून स्वयंपाकच करायला लागलात की काय!" सासूबाई आतून ओरडल्या.

मिस्त्रींनी दातेरी पट्टीनं पांढरा थर ओढला, त्यावर दगड ठेवला, दाबला, पातळी पाहिली. हात चालायला लागला तसे ते कामात बुडाले. आणि मग, कुठलाही विचार न करता, त्यांनी थापीच्या मुठीनं दगडावर एक ठोका दिला.

पायरीवरच्या बाई उठल्या. अर्ध्या खोलीपर्यंत आल्यासुद्धा. बादली मिस्त्रींच्या गुडघ्याशीच होती. मिस्त्रींनी वर पाहिलं. मग त्यांनी थापी बादलीत घातली आणि बाई तशाच पुढे चालत आमच्या स्वयंपाकघरात आल्या, जणू पाणी प्यायलाच उठल्या होत्या.

"सवय हो," त्या माठाकडे बघत म्हणाल्या. पाणी काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मिस्त्री एकटे काम करत होते. हात तोच, नजर तीच, सांधे दोरी धरल्यासारखे सरळ. पण ते बादलीत सारखे डोकावत. मशीन बंद करत, पुन्हा चालू करत. पेलाभर पाणी टाकत. थोड्या वेळानं पुन्हा पेलाभर. मी येता-जाता पाहत होते आणि मला वाटत होतं, नव्या मालाची रीतच अशी असेल.

बसवलेला भाग चालण्याजोगा झाला तेव्हा सासूबाई मोठ्या ऐटीत काठी टेकत निघाल्या. खिडकीजवळ थांबल्या. काठी पुन्हा टेकली. मग एक पाऊल मागे येऊन टेकली, पुन्हा पुढे.

"मिस्त्री, इथले दगड वेगळंच बोलतायत हो."

मिस्त्रींनी येऊन ठोकून पाहिलं. खिडकीकडची सबंध ओळ पोकळ वाजत होती. त्यांनी छिन्नीचं टोक सांध्यात घालून हलकेच उचकटलं, तर दगड निघून हातात आला. पाठ जवळजवळ कोरी. खाली कोब्यावर पट्टीच्या दात्यांनी ओढलेल्या रेघा तशाच्या तशा, वाळलेल्या. दगड त्यांना चिकटलाच नव्हता. त्यांनी शेजारचा काढला. तोही तसाच. मग ते दगड मांडीवर घेऊन बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बादलीतला माल आळायला लागला होता. मी पाणी घालून पुन्हा सैल केला." ते हळू बोलत होते. "मला वाटलं चालेल. वहिनी, मी जन्मात कधी माल कालवलेला नाही. तो यायचा. मी ठोका दिला की जसा पाहिजे तसा यायचा. तो कसा होतो, हे मी कधी बघितलंच नाही."

ते बाहेर गेले आणि फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "जरा येतेस का?"

मिस्त्रीणबाई किती लवकर आल्या! त्यांना मी इतक्या भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. केस कसेबसे बांधलेले आणि हात उघडे, मोजे घालायलाही थांबल्या नव्हत्या. ते हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बोटं सुजून एकसारखी झालेली, पेरांवर आडव्या लाल भेगा, आणि तळव्याची कातडी जुन्या चपलेच्या तळासारखी. पण चेहरा असा उजळलेला, की क्षणभर मला हातांचा विसर पडला.

उचकटलेला दगड बघताच त्यांनी कमरेवर हात ठेवले. "पाणी मारलंत?"

"मारलं."

"आळलेल्या मालावर?"

"आळला होता हे मला कुठे कळलं?"

"देवा रे! एवढी वर्षं माझ्या हातचं घेतलं, आणि एवढं कळलं नाही? शेजारच्या मांजरालासुद्धा कळलं असतं!" त्या ओरडत होत्या, आणि ओरडताना इतक्या सुखात होत्या. "आळला की टाकून द्यायचा, नवा करायचा. उठा. बादली धुवा. माझ्यासमोर करा."

मिस्त्रींनी निमूट बादली धुतली. "तू तिथेच उभी राहा. लांबून सांग."

"आधी पाणी घ्या. मग पावडर. उलटं करू नका, गाठी होतात." मशीन घरघरलं. थांबलं. "थोडी पावडर अजून. आता फिरवा."

मिस्त्रींनी फिरवून वर पाहिलं. "झाला?"

बाईंनी बादलीत डोकावलं. मान इकडे केली, तिकडे केली. "असं बघून काय कळणार?"

"हात घालू नकोस, तुला सांगतोय मी—"

त्यांनी हात घातला होता. मूठभर पांढरा माल उचलला, आवळला, आणि त्यांची नजर नेहमीसारखी भलतीकडे गेली, खिडकीकडे. आम्ही सगळे थांबलो. सासूबाईसुद्धा. बाईंनी मूठ सोडली नाही. पुन्हा आवळली. मग तो माल दुसऱ्या हातात घेतला आणि तोही हात मिटला. बोटांच्या फटींतून पांढरं बाहेर येत होतं.

"काय? घट्ट झालाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"थांबा."

"सैल आहे का?"

"मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

"नवा माल आहे हा. सवय नाही, म्हणून."

"नवा-जुना नाही हो." आवाज अगदी साधा होता, घरात मीठ संपलंय हे सांगावं तसा. "मला काही लागतच नाहीये. ओला आहे का कोरडा, तेसुद्धा."

खिडकीकडे वळलेली त्यांची नजर तिथेच राहिली. मिस्त्री उठले. त्यांनी बायकोचं मनगट धरून तिला मोरीपाशी नेलं आणि एक मूठ उघडली, मग दुसरी. तांब्यानं पाणी ओतत ते एकेक बोट धुवायला लागले, भेगांतला माल अंगठ्यानं काढत. झोंबत असणारच. पण त्या हात मागे ओढत नव्हत्या.

"दुखतंय?"

"नाही."

हे 'नाही' ऐकून मिस्त्रींचा हात थांबला. मग त्यांनी पुन्हा तांब्या भरला.

"पुरे," बाई म्हणाल्या. ते ओतत राहिले. "अहो पुरे, निघालं सगळं."

मला तिथे उभं राहवेना. मी खोलीत येऊन केमिकलची पिशवी उचलली. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळी कृती लिहिलेली होती. बाई पदराला हात न पुसता, पाणी निथळत तशाच माझ्या मागे आल्या.

"वाचा ताई. मोठ्यानं वाचा. यांनाही ऐकू दे."

मी वाचलं. पिशवीला पाणी किती, घुसळायचं कसं, मग थोडा वेळ तसंच ठेवून पुन्हा घुसळायचं, आणि एकदा घट्ट व्हायला लागलं की पाणी मिसळायचं नाही. मिस्त्री हळू आवाजात माझ्या मागून म्हणत होते. बाईंनी मला रिकामी बाटली मागितली. तिच्यावर रंगीत चिकटपट्टीनं पाण्याची खूण करून घेतली. पट्टी मी लावली, जागा त्यांनी सांगितली.

"इतकंच पाणी. याच्यावर एक थेंब नाही. लक्षात राहील?"

"राहील."

"मी नसणार सांगायला."

मिस्त्रींनी बाटली भरली, बादलीत ओतली, पावडर घातली आणि मशीन लावलं. या वेळी माल लोण्यासारखा उतरला. पट्टीवरून खाली न पडता धरून राहिला. मला दिसलं, मिस्त्रींनाही दिसलं. बाईंनी बघितलं आणि मान हलवली, जशी दुसऱ्या कुणी केलेल्या कामाला हलवतात.

"येते मी ताई. आजी, येते."

मिस्त्री पट्टी खाली ठेवून दारापर्यंत आले. "थांब. सोडतो तुला घरापर्यंत."

"कशाला? रस्ता काय नवा आहे?"

"तरी पण. पाचच मिनिटं—"

"बादलीतला माल काय थांबणार आहे तुमच्यासाठी?" त्या म्हणाल्या. "आत जा. आळेल तो."

ते उंबऱ्यात घुटमळले. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा बादलीकडे. मिस्त्रीणबाई ओले हात अंगापासून लांब धरून, वाळवत असल्यासारख्या, फाटकाबाहेर पडल्या. मिस्त्री आत आले, पोत्यावर गुडघे टेकले आणि त्यांनी खिडकीजवळचा पहिला दगड उचलला.